दाराशी उभी रंगीत सायकल

(आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. पापड लाटण्याची स्पर्धा असती तर मी न घाबरता पुढे आले असते, पण भाषण म्हटले की हातपाय गार पडतात. म्हणून जे सांगायचे ते वहीत लिहून आणले आहे. काही चुकले तर पदरात घ्या.

यंदा आपल्या मंडळाने ‘आपले दार’ या विषयावर फोटो मागवले होते. कोणी तोरणाचा आणला, कोणी रांगोळीचा, कोणी दारात उभ्या असलेल्या नव्या सुनेचा. मी आणला तो दाराशी उभ्या असलेल्या सायकलीचा. तो भिंतीवर लावला तेव्हा एक बाई म्हणाल्या, “अहो, पण यात माणूस कुठे आहे?” दुसऱ्या म्हणाल्या, “नुसत्या सायकलीचा काय फोटो काढायचा? पण बघत राहावेसे वाटते खरे!” अध्यक्षीणबाईंनी दोघींचे ऐकले आणि मला म्हणाल्या, “का वाटते ते आता तुम्हीच सांगा.” म्हणून हे चार शब्द.

आधी सायकलीची हकीगत सांगते. माझी धाकटी मुलगी आठवी पास होऊन नववीत गेली तेव्हा यजमानांनी तिच्यासाठी एक जुनी लेडीज सायकल घेतली. रंग उडालेला, मडगार्ड गंजलेले. पोरीचे तोंड एवढेसे झाले. घरात ट्रॉलीला लावून उरलेला लाल रंग होता. पिवळा आणि निळा शेजारच्या ग्रील करणाऱ्या दादांकडून मागून आणला. एका रविवारी आम्ही मायलेकींनी पॉलिश पेपरने गंज घासून काढला आणि दांड्या लाल, मडगार्ड पिवळे, कॅरिअर निळे असे रंगवून टाकले. रंग वाळायच्या आत गल्लीतल्या मुलांनी नाव ठेवले, “पोळ्याचा बैल!” आम्हीही हसलो. पोळ्याचा तर पोळ्याचा. बैलाला कोणी वाईट दिसावा म्हणून थोडाच सजवतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी सडा घालून मी मागे वळले, तो ही सायकल आमच्या हिरव्या दाराशी उभी. मला इतकी मौज वाटली की ओले हात पदराला पुसून मी मोबाईल आणला आणि फोटो काढला. तेव्हापासून छंदच लागला. कधी दाराला आंब्याचे डहाळे, कधी हँडलला मुलीची ओली ओढणी, कधी सीटवर शेजारचे मांजर. यजमान म्हणायचे, “सायकल तीच, दार तेच, किती फोटो काढशील?” पण भगिनींनो, सूर्य रोज तोच आणि अंगण रोज तेच, म्हणून आपण रांगोळी एकदाच काढून थांबतो का?

आता हा फोटो चांगला का दिसतो, त्याचे मला उमगलेले सांगते. पहिली गोष्ट रंगाची. लाल आणि हिरवा हे एकमेकांच्या विरुद्धचे रंग. शेजारी ठेवले की दोघेही उजळतात. हे मी कोठे शिकले नाही. जवळच्या येवल्याची पैठणी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. अंग एका रंगाचे आणि काठपदर दुसऱ्याच रंगाचा, म्हणून तर तो खुलतो. पूर्वीच्या सायकली बहुतेक काळ्याच असत. माझ्या वडिलांची होती तशी. ती दाराशी उभी असली तर सावलीत सावली मिसळून जाई.

दुसरी गोष्ट उजेडाची. आमचे दार पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी ते सावलीत असते आणि आभाळाचा मऊ उजेड त्यावर पडतो. त्या उजेडात रंग आहेत तसे येतात. भर दुपारी काढाल तर निम्मा भाग पांढरा फटक आणि निम्मा काळाकुट्ट. काढण्यापूर्वी मोबाईलची काच पदराने पुसावी, कारण तिला आपल्याच बोटाचे तेल लागलेले असते. चाक कापू नये, आणि उंबऱ्यापासून चौकटीच्या वरच्या पट्टीपर्यंत सगळे दार घ्यावे. जवळ जाता येत नसेल तर चित्र ओढून मोठे करण्याऐवजी दोन पावले चालावे. दुसऱ्याच्या दाराचा फोटो त्या घरच्या माणसाला विचारूनच काढावा.

तिसरी गोष्ट मापाची. ती मला आपल्या रंगमहालाने शिकवली. एकदा मला वाटले, आपल्या दाराशी सायकल इतकी शोभते, तर अहिल्याबाईंच्या वाड्याशी किती शोभेल! म्हणून मुलीला घेऊन होळकरांच्या रंगमहालाच्या मोठ्या दरवाजाशी गेलो आणि सायकल उभी करून फोटो काढला. दरवाजा भव्य आला, पण सायकल जत्रेतल्या खेळण्यासारखी दिसू लागली. तेव्हा कळले, सायकल हे माणसाच्या मापाचे वाहन आहे. तिला दारही माणसाच्या मापाचेच लागते, ज्यातून रोज कोणी वाकून जाते, कोणी ठेच खाते.

आणि चौथी गोष्ट, जी त्या बाईंनी विचारली. यात माणूस कुठे आहे? माझे म्हणणे असे, की माणूस दिसत नाही म्हणूनच आपण बघत राहतो. दाराशी चपला दिसल्या की आपण विचारतो, कोण आले आहे? तशी सायकल दिसली की मन विचारते, कोण घरी आहे, कोण निघाले आहे? उंबरा म्हणजे ना घर, ना रस्ता. तिथे उभी असलेली सायकल ही घरातलीही असते आणि रस्त्याचीही.

इथपर्यंत सगळी मौजेची गोष्ट झाली. यापुढचे सांगावे की नाही, असा माझ्या मनात आठ दिवस विचार चालू होता. मुलीला विचारले. ती म्हणाली, “सांग आई, पण माझे नाव घेऊ नकोस.” म्हणून सांगते.

पण त्याआधी मला तुम्हाला माझ्या माहेरी न्यावे लागेल. माहेर याच तालुक्यातले खेडे. गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल सहा किलोमीटरवर. भाऊ आठवीत गेला तेव्हा वडिलांनी त्याला नवी कोरी सायकल घेतली. हँडलला हार घालून, दाराशी उभी करून, तालुक्याहून फोटोग्राफर बोलावून त्याचा फोटो काढला. तो फोटो अजून माहेरच्या भिंतीवर आहे. मधोमध भाऊ, हात सीटवर. त्याच्या मागे दाराच्या चौकटीत एक कोपर दिसते आणि फ्रॉकची फुगीर बाही. ते कोपर माझे. फोटोग्राफरने “मुलीला आत घ्या” म्हटले होते. मी आत गेले, पण पुरती गेले नाही.

दोन वर्षांनी मीही सातवी पास झाले. वर्गात दुसरी आले होते. मला सायकल आली नाही. वाईट कोणीच नव्हते. वडील म्हणाले, “रस्ता ओसाड आहे, काही झाले तर कोणाला तोंड दाखवायचे?” आई काही बोलली नाही. हीच आई १९८६ साली, ९ आणि १० नोव्हेंबरला आपल्या चांदवडला शेतकरी महिलांचे जे मोठे अधिवेशन भरले, त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ते भरवले होते आणि लाखावर बायका जमल्या होत्या. मी सहा वर्षांची, तिचा पदर धरून होते. इतक्या बायका एकत्र मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. तिथे घोषणा देणारी आई घरी माझ्या शाळेविषयी एक शब्द बोलू शकली नाही. तिला दोष देत नाही. मैदानात बोलणे एक आणि आपल्या उंबऱ्यात बोलणे एक. दुसरे अधिक अवघड, हे मला आता कळते.

आता पुन्हा माझ्या सायकलीकडे येते. मंडळासाठी फोटो निवडायला म्हणून मी जानेवारीच्या सुरुवातीला मोबाईलमधले सगळे फोटो ओळीने पाहायला बसले. मोबाईलमध्ये प्रत्येक फोटोला तारीख आणि वेळ आपोआप लागते. जूनपासून पाहत आले. पहिल्याच नजरेला एक गंमत दिसली. जूनमध्ये सीट अगदी खाली होती, दसऱ्याला बोटभर वर, दिवाळीला आणखी वर. पोर वाढत होती आणि सीट तिचे माप सांगत होती. मला भरून आले.

मग डिसेंबरचे फोटो आले. पहिला, सोमवार, दुपारी पावणेबारा. दुसरा, गुरुवार, साडेबारा. तिसरा, पुन्हा सोमवार. शाळा अकराची, आणि सायकल दाराशी! मला आठवले, मुलगी म्हणाली होती, “चेन ढिली झाली आहे, दोन दिवस मैत्रिणीबरोबर पायी जाते.” दोन दिवसांचे तीन आठवडे झाले होते आणि मी रोज तिथून जाऊन-येऊनही ते माझ्या ध्यानात आले नव्हते. रोजचे दिसत नाही, हेच खरे. फोटोत मात्र दिसले. चित्र मोठे करून पाहिले तर चेन घट्ट होती. पुढचे चाक मात्र बसलेले, रबर जमिनीवर पसरलेले. सगळ्या फोटोंत तेच.

मी उठले, पंप लावला. हवा इकडून भरावी तिकडून निघावी. सायकलवाल्या दादांना दाखवले. ते म्हणाले, “ताई, पंक्चर नाही. वालट्यूब कोणीतरी काढून नेली आहे.”

रात्री तिच्या शेजारी आडवी होऊन विचारले. आधी नुसती रडली. मग सांगितले. शाळेच्या वाटेवर एका वळणावर तीन मुले मोटारसायकल घेऊन उभी राहत. मागून येत, सायकलीला घासून जात, रंगावरून काहीबाही बोलत. शिकवणीच्या बाहेर सायकल लावली की हवा सोडत. दोनदा तिने स्वतःच्या पैशाने वालट्यूब बसवली. तिसऱ्यांदा बसवली नाही. लांबच्या वाटेने अर्धा तास अधिक चालून ती शाळेला जात होती. “मला का नाही सांगितलेस?” असे विचारले, तर म्हणाली, “तू बाबांना सांगशील, आणि बाबा शाळा बंद करतील.”

भगिनींनो, खरे सांगते, माझ्या मनात पहिला विचार काय आला? ‘कशाला ती नसती आफत? दहावीपर्यंत मामाकडे ठेवावी, नाहीतर घरी बसवावी.’ जे माझ्या वडिलांच्या मनात आले तेच माझ्या आले. तीस वर्षांनी, तेच शब्द. मला माझीच लाज वाटली. त्या रात्री मला माहेरच्या फोटोतले ते कोपर डोळ्यांपुढे दिसत होते.

दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी यजमानांना सांगितले. त्यांच्याही तोंडून मामाच्या गावाचेच नाव निघाले. मी वाद घातला नाही. जूनपासूनचे फोटो एकेक करून दाखवले. म्हटले, “ही सीट बघा, किती खाली होती आणि कुठवर आली. आता हे बसलेले चाक बघा. तिने काय चूक केली म्हणून तिने घरी बसायचे?” ते बराच वेळ फोटो पाहत राहिले. बोलले काहीच नाहीत. सकाळी उठून पाहते तो सायकलीला नवी वालट्यूब घालून ते हवा भरत होते.

पण नुसती हवा भरून काय होणार? वळण तिथेच होते. म्हणून मी आपल्या मंडळात आले. शेजारच्या वहिनींना आधी सांगितले, त्यांनी आणखी दोघींना. आधी वर्गशिक्षिकाबाईंना जाऊन भेटलो. मग ठरवले, की शाळा भरताना आणि सुटताना दोघी-दोघींनी पाळीपाळीने त्या वळणावर उभे राहायचे. भांडायचे नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, नुसते उभे राहायचे. आपण बाजारात भाजी निवडत उभ्या राहतोच की! पंधरा दिवस थंडीत तुम्ही उभ्या राहिलात. कोणाच्या हातात विणकाम, कोणाच्या हातात शेंगांची पिशवी. चौथ्या दिवसापासून मोटारसायकल दिसेनाशी झाली. त्यातल्या एका मुलाची आई आपल्या ओळखीची निघाली. तिचे नाव मी घेणार नाही. तिने झाकपाक केली नाही. मुलाला घेऊन स्वतः आमच्या दारी आली आणि त्याला माझ्या मुलीची माफी मागायला लावली. माझ्यापेक्षा मोठे धैर्य त्या माउलीचे आहे.

वळणावर उभे असताना आणखी एक कळले. आणखी दोन मुलींनी त्या वाटेने सायकल नेणे सोडले होते. त्यांच्याही घरी ‘चेन ढिली’ होती. म्हणजे गोष्ट एका घराची नव्हती. दाराशी उभी राहिलेली प्रत्येक सायकल विश्रांतीच घेत असते असे नाही.

सायकलीने मुलीच्या शिक्षणात किती फरक पडतो, हे मोठमोठ्या लोकांनीही ओळखले आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकल घेण्यासाठी सरकारने पैसे देण्याची योजना काढली. त्यामुळे हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली, असे अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथे १९९० नंतरच्या काही वर्षांत साक्षरतेच्या चळवळीत बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. पी. साईनाथ या पत्रकारांनी त्यावर लिहिले आहे. लाखावर बायका सायकल शिकल्या. त्यांत शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या, चाळिशीच्याही होत्या.

आणि सायकल व कॅमेरा हे दोन्ही हाती धरणारी बाई आपल्या देशात फार पूर्वीच होऊन गेली. होमाई व्यारावाला त्यांचे नाव. जन्म १९१३ सालचा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. वृत्तपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या भारतातल्या पहिल्या महिला म्हणून त्या ओळखल्या जातात. साडी नेसून, कॅमेऱ्याचे सामान घेऊन त्या दिल्लीत सायकलीवरून कामाला जात. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते त्यांच्या पतीच्या नावाने. पुढे २०११ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. २०१२ साली त्या वारल्या. हे वाचले तेव्हा मला वाटले, ज्या बाईने एवढ्या जगाचे फोटो काढले, तिलाही आधी आपले नाव चौकटीच्या आतच ठेवावे लागले होते.

तर, का बघत राहावेसे वाटते, हे अध्यक्षीणबाईंनी विचारले होते. माझे उत्तर एवढेच. रंग छान आहेत म्हणून आपण थांबतो, आणि थांबलो की दिसू लागते. आपल्या घरातले, आपल्या मुलींचे, जे रोज डोळ्यांसमोर असून दिसत नाही, ते पाहण्यासाठी फोटो हे चांगले निमित्त आहे. म्हणून हौसेने फोटो काढा. पण काढून झाल्यावर एकदा मागे जाऊन पाहाही. चाकात हवा आहे ना, तेवढे तरी पाहा.

भिंतीवर लावलेला फोटो दिवाळीतला आहे, सगळे रंग उजळ असलेला. माझ्या मोबाईलमध्ये मात्र एक निराळा आहे, तो मी मंडळाला दिला नाही. गेल्या महिन्यातला, सोमवार, सकाळी साडेदहा. त्यात हिरवे दार आहे, ओला सडा आहे, आणि दारापासून रस्त्यापर्यंत गेलेली चाकाची एक रेघ आहे. सायकल त्यात नाही. यजमान म्हणाले, “आता तर सायकलही नाही, हा कशाचा फोटो?” मी म्हटले, “शाळेचा.”

शेवटी एक विनंती. मंडळाने उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या पटांगणावर बायकांसाठी सायकल शिकण्याचा वर्ग काढावा. पहिले नाव माझे लिहा. मुलगी संध्याकाळी मागून सीट धरते आणि मी अजून दहा पावलांवर डुगडुगते. परवा तर तुळशीवृंदावनालाच धडकले. पण पुदुक्कोट्टईच्या बाया शिकल्या, तर चांदवडच्या का शिकणार नाहीत?

 त्या वळणावर थंडीत उभ्या राहिलेल्या मैत्रिणींचे आभार मी मानत नाही. आपल्या माणसांचे आभार मानत नसतात. तिळगूळ घ्यायला सगळ्याजणी या. रंगीत सायकल दाराशी दिसली तर समजा, पोर घरी आली आहे.